आप्पांच्या हौदाचं पाणी

आमच्या सांगलीच्या घरामागे पोहण्याचा हौद होता असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या साडीकडे. आम्ही काही राजेरजवाडे नव्हतो. वडिलांची हळदीची अडत होती, ती त्यांनी चांगली चालवली होती, एवढंच. हौद झाला तो हौसेपोटी नाही, आजारापोटी.

नव्वदनंतरच्या दोनतीन वर्षांतली गोष्ट. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालायला लागला, हात मात्र पोटाशी दुमडलेला तो दुमडलेलाच. आष्ट्याच्या मळ्यात, विहिरीच्या कठड्यावरून उड्या मारत मोठा झालेला माणूस तो. चमच्याने भात भरवून घेताना डोळे मिटून घ्यायचा. मालिश करणारे आले, तेलं आली, काही उपयोग झाला नाही. मग डॉक्टरांनी सुचवलं, पाण्यात व्यायाम करून बघा.

माझा भाऊ तेव्हा मस्कतला एका हॉटेलात पोहण्याच्या तलावांची देखभाल करत होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने हॉटेलातून काढून टाकलेलं एक यंत्र बरोबर आणलं आणि महिनाभर उभं राहून मागच्या अंगणात हौद बांधून घेतला. यंत्राची गंमत अशी, की पाण्यात मीठ टाकायचं आणि ते पाणी यंत्रातून फिरवायचं. आतल्या पत्र्यांत वीज गेली की त्या मिठाचाच क्लोरीन तयार होतो. जाड्या मिठाची तीन पोती आणायला गेले तर वाणी म्हणाला, "काय बाई, कशाचं लोणचं घालताय एवढं?" मी म्हटलं, "आप्पांचं." त्या बिचाऱ्याने घाईघाईने पोती हातगाडीवर चढवली. माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे.

मी रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली, एका शाळेत शिकवणारी, आणि तिशीला टेकूनही घरातच असलेली. त्यामुळे हौदाचं पाणी आपोआप माझ्याकडे आलं. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे पाच थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. फिकं पिवळं आलं की क्लोरीन बरोबर. केशरी आलं तर जास्त. रंगच आला नाही तर त्या पाण्यात कुणी उतरायचं नाही. यंत्राला एक बटण होतं, ते फिरवून क्लोरीन कमीजास्त करायचं. जाताना भावाने बजावलं होतं, "ताई, एक लक्षात ठेव. नाकाला वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाला. उलटं असतं. घाम, तेल, मळ यांच्यात क्लोरीन खर्ची पडला की तो वास सुटतो. वास आला तर बटण वर न्यायचं, खाली नाही." मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आप्पा काठी टेकत टेकत चालत यायचे, टॉवेल खांद्यावर. पायरीवर थांबून विचारायचे, "काय गं, उतरू का?" मी नळी उजेडाला धरून बघायचे आणि म्हणायचे, "उतरा." मग गडी त्यांना धरून आत न्यायचा. पाण्यात गेले की ते पाठीवर पडून तरंगायचे, कान पाण्याखाली, डोळे आभाळाकडे. चौथ्या महिन्यात त्यांचा उजवा हात पोटापासून सुटला. पाण्यात का होईना, सुटला आणि बाजूला पसरला. आईने त्या दिवशी हौदालाच हळदकुंकू वाहिलं. मी तिला म्हटलं, बाई गं, आता कुंकवाने माझा रंग चुकेल. पण मला रडू आलं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच वर्षभर चालू द्या, हा हात घास उचलेल.

त्याच वर्षी धाकटीचं लग्न झालं. माझ्याआधी. माझी हरकत नव्हती, खरंच नव्हती, पण असं सांगत सुटणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवतं? दिवाळसणाला जावई आले, त्यांच्याबरोबर त्यांचे दोन भाऊ आणि एक बहीण. आल्या दिवशीच सगळे हौदात. बाहेरून आलेले, घामेजलेले, आधी अंगावर पाणी घ्या असं मी म्हणणार होते. आईने डोळे वटारले. जावयाला आंघोळ करून या असं कोण म्हणतं? तासाभराने जावई डोळे चोळत वर आले आणि म्हणाले, "ताई, क्लोरीन फार झालंय हो. केवढा वास येतोय!"

मला माहीत होतं की कमी पडलंय. तोंडावर आलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, धाकटीचा चेहरा उतरला होता, आणि आई हलकेच म्हणाली, "कर की कमी जरा. पहिल्यांदा आलेत ते." मी काही बोलले असते तर दुसऱ्या दिवशी चार घरी चर्चा झाली असती, की थोरली जळते. मी रागाने गेले आणि बटण खाली केलं. हो, रागाने. घ्या तुमचं पाणी, असं मनात म्हणत.

नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांना तेल लावून झालं, उटणं लावून झालं आणि जावयांनी जाहीर केलं, आजची आंघोळ हौदात! अंगभर तेल आणि उटणं घेऊन एकामागून एक उड्या पडल्या. आप्पा व्हरांड्यात बसून हसत होते. त्या पाण्यावर तेलाचे चट्टे तरंगायला लागले आणि दुपारपर्यंत ते ताकासारखं झालं. मी शंकरपाळी तळत होते, फराळाची ताटं भरत होते. एकदाही नळी हातात घेतली नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. आप्पा पाच दिवस पाण्यात उतरले नव्हते, गर्दीत त्यांना लाज वाटायची. सकाळी चहाही न घेता ते टॉवेल टाकून पायरीवर हजर. तोवर पाणी वरवर निवळलं होतं. मी थेंब टाकले आणि नळी उजेडाला धरली. रंग आला नाही. पुन्हा टाकले. काहीच नाही.

"काय गं, उतरू का?"

दोन दिवस हौद बंद ठेवायचा, ब्लीचिंग पावडर टाकायची, पाणी फिरवायचं. एवढंच करायचं होतं. पण मग का बंद ते सांगावं लागलं असतं. जावयांचं नाव निघालं असतं, मी बटण का फिरवलं ते निघालं असतं, आईचं तोंड पडलं असतं. शिवाय मी दमले होते आणि आप्पा लहान मुलासारखे बघत होते.

"उतरा," मी म्हटलं.

ते तासभर तरंगले. ते वर आल्यावर मी बटण पूर्ण वर केलं, पण त्या दिवशी वीजच गेली, ती संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तपासलंच नाही. तपासलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. आप्पांनी विचारलं आणि मी वेणी घालता घालता खिडकीतूनच ओरडले, "उतरा!" तिसऱ्या दिवशीही तसंच.

आठवड्याने त्यांचा डावा कान दुखायला लागला. आईने तेल गरम करून घातलं. आप्पांना साखरेचा आजार, त्यामुळे साधं दुखणं साधं राहिलं नाही. कानामागे सूज आली, रात्रंदिवस ठणका. मिरजेच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, जंतू हाडापर्यंत गेलेत. दीड महिना ते तिथे होते, दिवसाला तीन इंजेक्शनं. दाखल केलं त्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "पोहायला जाता का? पाणी स्वच्छ असतं का?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "पान्याचं इचारू नगा डॉक्टर. ही माझी लेक शिकल्याली हाय, ती बघती. तिनं उतरा म्हटल्याबिगर मी पायबी बुडवत न्हाई." बोलणं झटक्यानंतर अडखळतच यायचं, पण हे वाक्य त्यांनी पुरं केलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी उशाशी पिशवी धरून उभी होते.

ते वाचले. डाव्या कानाने मात्र ऐकू येईनासं झालं, आणि कानात पाण्याचा थेंबही जाता कामा नये अशी ताकीद मिळाली. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून व्यायाम करा असं सुचवलं, तर आप्पा म्हणाले, "म्हशीगत?" ते परत उतरले नाहीत. हात दोन महिन्यांत पुन्हा पोटाशी आला. पुढच्या उन्हाळ्यात भावाला पत्राने कळवून हौद रिकामा केला. आई शेवटपर्यंत त्यांना भरवत राहिली.

मी त्यांना सांगितलंही, एकदा. व्हरांड्यात ते आरामखुर्चीत होते, घरात कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसले. मुद्दाम डाव्या. नळीला रंग आला नव्हता इथपासून सगळं सांगितलं, जावई, बटण, खिडकीतून ओरडले ते, सगळं. ते समोर रस्त्याकडे बघत होते. माझे ओठ हलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले असावेत, कारण त्यांनी अख्खी मान वळवून चांगला कान माझ्याकडे केला आणि विचारलं, "काय म्हनलीस गं?"

मी म्हटलं, "चहा ठेवू का विचारत होते."

"ठेव की," आप्पा म्हणाले.