बेशरम उपटताना

काल तलावावर गेलो, तर पाण्यात मारामारी जुंपली आहे असंच वाटलं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बायका कमरेइतक्या चिखलात उतरून बेशरमाची झाडं उपटत होत्या. पहार घालून मूळ सैल करायचं, दोघींनी बुंधा धरायचा आणि शिव्या हासडत खेचायचा. मूळ सुटताना हाड मोडल्यासारखा आवाज येई. या जांभळ्या फुलांच्या झाडांनी तलाव गिळला, मासळी संपवली आणि मासळीमागून गावची तरणी माणसंही परमुलखात गेली.

गेल्या उन्हाळ्यात ही झाडं कोयत्याने छाटून काठावरच टाकली होती. ओल्या मातीत एकेक तुकडा रुजला आणि रान दुपटीने माजलं. म्हणून यंदा कोयते घरीच.

"तोडू नोको, मुळासकट काढ!" त्यांच्यातली थोरली सखूबाई सुनेवर खेकसली. तिच्या तळहातांची सालं निघाली होती. उपटलेली झाडं खडकावर, मुळं आभाळाकडे करून वाळत टाकली होती. आधीची वाळलेली पेटत होती.

जगवणं हे हळुवार काम, असं मी आजवर समजत आलो. आणि इथे तलाव जगवायचा म्हणून नुसती कत्तल चालली होती.

मोकळ्या झालेल्या चिखलात सून पाणगवताचा जुडगा खोचायला लागली, त्याच रागाने. सखूबाईने तिचं मनगट धरलं. रक्ताळलेल्या हातांनीच जुडगा सरळ केला.

"हे हळू लाव वो," ती कुजबुजली. "इथं मासोळी बाळंत होनार हाये."