फोटोतला हात

लातूरच्या स्किन क्लिनिकात काउंटरवर बसून मला चौदा वर्षं झाली. औषधांची रिकामी खोकी रोज कचऱ्यात जातात, किस्से मात्र डोक्यातच साचून राहिलेत. चहा येईपर्यंत चार ऐका.

*

भोकरचे एक मास्तर पिंपल्सवर वर्षभर गोरं व्हायची ट्यूब चोळून आले. तोंड नुसतं सोललेलं! डॉक्टर म्याडमनी विचारलं, "कुणी दिली?"

"मेडिकलवाल्यानं. त्याचा चेहरा लई साफ हाय!"

ट्यूब स्टेरॉइडची होती. म्याडमनी कपाळावर हात मारला.

*

शिरूर अनंतपाळची राजश्री आली ती स्कार्फ गुंडाळूनच. नुसते डोळे दिसत होते. सोबत आई, कपाळाला विभूती. म्याडम म्हणाल्या, "आधी मुरमं थांबवू, गोळ्या देते. मग खड्ड्यांवर सुयांचं मशीन, महिन्याला एक, अशा सहा सिटिंग."

"कितीबी लागू द्या," आई म्हणाली. "हिला एकदा उघड्या तोंडानं बाजारात चालताना बघायचंय मला."

उपचाराआधी फोटो काढायचं काम माझं. केस मागं धरायचा बेल्ट नेमका सापडेना! मग आईनंच लेकीचे केस मुठीत धरले. पोरगी रडून राहिली होती. चार वर्षांत तिनं कुणाला फोटो काढू दिला नव्हता, सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा. फोटोत आईचा हात आला, हिरव्या बांगड्यांसकट.

म्याडम खेकसल्या, "पेशंटचा फोटो काढलास का बांगड्यांचा?"

*

मुरमं थांबली, सिटिंग सुरू झाल्या. सुया बघून आई दारातच आडवी आली! "आधी माझ्या हातावर चालवा, मग पोरीला हात लावा!"

म्याडमचा इलाज चालेना. नवी सुई लावून हातावर थोडं करून दाखवलं, तेही बधिर करायची क्रीम न लावता.

"मुंगी चावल्यावानी हाय गं," आई लेकीला म्हणाली.

बाहेर येऊन माझ्या कानात, "लई दुखतंय ओ ताई. तिला सांगू नका."

*

तिसऱ्या सिटिंगच्या दुसऱ्याच दिवशी उदगीरचे पाहुणे बघायला आले. तारखेचा घोळ आईचाच! पोरीचा चेहरा टमाट्यावानी लाल. पाहुण्यांची कुजबुज सुरू झाली. आई म्हणाली, "इलाज चालू हाय. पटलं न्हाई तर पोहे खाऊन जावा!"

ते पोहे खाऊनच गेले. मला सांगताना आई पोट धरून हसली, मग पदरानं डोळे पुसले.

*

चौथ्या सिटिंगला राजश्री एकटीच.

"आई कुठंय गं?"

"गेली, मावशी. तापाचं निमित्त झालं."

अरे देवा! पोरगी स्कार्फ सोडत आत गेली.

सहावी सिटिंग झाली. चेहरा पुष्कळ भरून आला होता. सगळे खड्डे गेले न्हाईत, ते जातबी न्हाईत. मी नंतरचा फोटो काढला, तर म्हणाली, "मावशी, तो पहिला फोटो द्या की मला."

"अगं, तो कशाला? सगळी मुरमं दिसून राहिलीत त्यात!"

तिनं स्क्रीनवर हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवलं. "आईचा एकटीचा हाय, आधारवरचा. दोघींचा हा एकच."

मी प्रिंट काढून दिली. जाताना स्कार्फ काउंटरवरच राहिला. मी दारातनं हाक मारली.

"राहू द्या मावशी, तुमच्याकडंच," म्हणाली आणि तशीच गोलाईच्या बाजारात चालत गेली.