कोरडी टोपी

पुण्याच्या मांजरी भागातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ रोज सकाळी आपल्या कयाकमध्ये, म्हणजे मासेमारीच्या एकट्यापुरत्या होडीत बसून हवेत वल्हं मारायचे. कोकणात किनाऱ्याला लागताना लाटेनं त्यांना एकदा उलटवलं होतं; खांदाच निखळला होता.

मी विचारलं, "अहो, समुद्र कुठपर्यंत आलाय?"

"गेटपाशी आला की कळवतो." मग वल्हं मांडीवर ठेवून म्हणाले, "किनारा दिसला की माणूस घाई करतो. मोठ्या लाटा पुढे जाऊ द्यायच्या आणि शेवटच्या लाटेच्या पाठीमागून यायचं."

खांदा बरा झाल्यावर ते पुन्हा कोकणात जाऊन आले.

"मासे?" मी विचारलं.

"एकही नाही." त्यांनी डोक्यावरची टोपी माझ्या हातात दिली. "बघा, कोरडी!"

पुण्यात येईपर्यंत ओलीसुद्धा वाळली असती, असलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा गिळलं.