ओपलची किंकाळी

हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत नट्या ढिगानं होत्या, पण किंकाळी एकटीचीच, ओपल टिबेट्सची. देखण्या नायिकांचे गळे नाजूक. एकदा ओरडल्या की घसा बसायचा आणि सगळं काम खोळंबायचं. म्हणून नायिकेनं नुसतं तोंड वासायचं आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून ओपलनं ओरडायचं, अशी तिथली रीत. ओक्लाहोमात बापाची डुकरं शेतापलीकडून हाकारून कमावलेला आवाज तो! ओपल दिसायला चारचौघींसारखी, शिवण येत नाही, स्वयंपाक जेमतेम. पण ओरडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तेवढ्या एकाच गोष्टीचा तिला भारी अभिमान.

मिठाच्या दैत्याचा पहिला सिनेमा तिच्या किंकाळ्यांवरच चालला, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. दैत्य झाला होता देझो, हंगेरीहून आलेला धिप्पाड पहिलवान. तोंडावर प्लास्टरची पुटं चढली की बिचाऱ्याला चावता यायचं नाही. दुपारी सगळे कॅन्टीनमध्ये सँडविचं हाणायचे आणि हा कोपऱ्यात नळीनं सूप ओढत बसायचा. ओपलला दया आली. ती त्याच्या सुपात बटाटा कुस्करून घालायला लागली. सिनेमा पुरा होईस्तोवर दोघांचं लग्नसुद्धा उरकलं.

त्या सिनेमाच्या शेवटी दैत्य समुद्रात पडून विरघळला होता. पण तिकिटांवर अशी झुंबड उडाली की मालकानं लेखकाला बोलावून फर्मावलं, "दैत्य परत आण."

"साहेब, तो विरघळला की!"

"मग समुद्र आटव!"

झालं! समुद्र आटला, मीठ गोळा झालं, दैत्य उठून बसला.

आणि इथंच ओपलचं घोडं अडलं. दैत्य समोर आला, नायिकेनं तोंड वासलं आणि ओपल फिस्सकन हसली.

"अगं बाई, ओरड! हसतेस काय?" आवाज टिपणारे, क्रू आडनावाचे साहेब कानावरचे हेडफोन काढून खेकसले.

"काय करू साहेब? याच दैत्यानं सकाळी मोजे सापडेनात म्हणून घर डोक्यावर घेतलं. मोजे पायातच होते!"

प्लास्टरच्या आतून दैत्य गुरगुरला, "चारचौघांत सांगायचं होतं का ते?"

ओपलनं डोळे मिटून ओरडून पाहिलं, पाठ फिरवून पाहिलं. आवाज खणखणीत, पण भीती औषधालाही नाही. क्रू साहेबांनी शेवटी हात टेकले. "हे बघ ओपल, उद्या कड्यावरचा शेवटचा प्रसंग. उद्याही नाही जमलं, तर टायपिस्ट व्हर्ना ओरडेल. तिची तयारी आहे."

व्हर्ना! ओपलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन ती रडली. "देझो, मला दुसरं काही येत नाही रे. हेही गेलं तर माझं काय उरलं?"

देझोचा जीव कळवळला. बायकोला घाबरवायचंच म्हणून तो दाराआड लपला आणि डरकाळी फोडत अंगावर आला. ओपलनं त्याच्या हातात धुण्याची बादली दिली. "आलाच आहेस तर एवढं वाळत घाल."

"पूर्वी किती घाबरायचीस मला!" देझो हिरमुसून म्हणाला आणि धुणं वाळत घालायला गेला.

दुसऱ्या दिवशी लाकडी कडा उभा राहिला, खाली पाण्याचा हौद. देझोनं कड्यावर नुसतं उभं राहायचं, पडण्यासाठी पेंढ्याचा पुतळा तयार होता. नायिकेनं तोंड वासलं. ओपलनं श्वास भरून घेतला. तेवढ्यात कड्याची फळी कडाडली आणि देझो कापसाच्या पोषाखासकट, जड बुटांसकट, हौदात गडप झाला.

"देझोऽऽऽ!"

वरचे दिवे थरथरले म्हणतात. नायिकेनं खरोखरच कानांवर हात ठेवले. ओपल कॅमेऱ्याला धक्का देऊन हौदाकडे धावली. आणि देझो खोकत खोकत उठून उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंतच होतं.

"मेलास असं वाटलं ना रे मला, मेल्या!" ओपल हौदात उतरून त्याला बुक्के मारत सुटली. नाकावरचं प्लास्टर तिच्या हातात आलं, तशी ती आणखीच रडायला लागली.

क्रू साहेब खुशीत होते. "अशी किंकाळी जन्मात ऐकली नव्हती! फक्त त्यात नाव आलंय. पुन्हा एकदा, नाव न घेता."

"पुन्हा?" ओपल पदर नसलेल्या बाईनं पुसावेत तसे बाहीनं डोळे पुसत म्हणाली. "त्याला पुन्हा पाडणार? बोलवा तुमच्या व्हर्नाला. मला नाही जमायचं."

दिग्दर्शक प्रुइट हा मितभाषी माणूस. तो म्हणाला, "राहू दे ते नाव. एवढं लेखकानं खरडलं, पण दैत्याचं बारसं करायचं कुणाला सुचलं नाही. आता दैत्याचंच नाव देझो."

सिनेमा लागला. ओपल आणि देझो मधल्या रांगेत बसले. पडद्यावर दैत्य कड्यावरून कोसळला, नायिकेनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून ओपलचा आवाज फुटला, "देझोऽऽऽ!" भ्यायला आलेले लोक हळहळले. पुढची एक बाई तर मुसमुसायला लागली, चक्क दैत्यासाठी!

शेजारी देझो पॉपकॉर्न सांडत ताडकन उठला. "आलो गं, आलो!"

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. ओपलनं त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि घर येईपर्यंत तो हात काही सोडला नाही.