माधवची दोन स्वयंपाकघरं

"भावजी, हे गेले," सुनंदावहिनी फोनवर म्हणाल्या आणि पुढे त्यांनी सांगितलं, "हार्टने साथ सोडली म्हणाले." मी मुलुंडला त्यांच्याच सोसायटीतल्या माझ्या घरात चहाचं आधण ठेवत होतो; गॅस बंद केला आणि तसाच निघालो. माधव, माझा जुना मित्र, काही दिवसांपासून ताप आणि धाप म्हणून हॉस्पिटलात होता. न्युमोनिया आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी मी भेटलो तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्याने तिथल्या खिचडीबद्दल मत दिलं होतं, ते इथे छापण्याजोगं नाही. पण ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरच्या शेवटच्या वाक्यात हार्ट होतं आणि वहिनींनी तेवढंच ऐकलं. दुपारपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर 'हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने दुःखद निधन' असं टाकूनही दिलं. हे गृहस्थ मजकूर तयार ठेवतात, फक्त नाव बदलतात. मागे एक आजी बाथरूममध्ये पडून गेल्या, त्याही त्यांच्या लेखी हृदयविकारानेच गेल्या. एरवी मी हसलो असतो. पण माधवच्या घरात त्या शब्दाला वेगळं वजन होतं.

माधवचे वडील हृदयविकाराने गेले, थोरला भाऊही तसाच गेला, दोघेही साठीच्या आत. त्यामुळे चाळिशी उलटल्यापासून घरचे लोक माधवकडे तारीख संपत आलेल्या औषधासारखे पाहायचे. तो विमा कंपनीत होता. "माझा विमा मी स्वतःसुद्धा काढला नसता," असं म्हणायचा. साठीच्या उंबरठ्यावर छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि त्याला जगवण्याचं काम दोन बायकांनी अंगावर घेतलं. एक सुनंदावहिनी, दुसरी बोरिवलीला राहणारी त्याची थोरली बहीण, अक्का. दोघींना तो जगायला हवा होता आणि दोघींना एकमेकींचा स्वयंपाक घातक वाटत होता.

वहिनी घाटकोपरच्या एका हॉलमध्ये आहारावरच्या व्याख्यानाला गेल्या. कुतूहल म्हणून मीही गेलो. आधी वक्त्यांची स्तुती बराच वेळ चालली, मग त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि मग त्यांनी आम्हाला नारळ खाऊ नका असं सांगितलं. तूप, तेल, दूध, खोबरं, सगळं हृदयाचे शत्रू. माणसाने झाडापानांवर जगावं. दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या स्वयंपाकघरातून फोडणी गेली. काही दिवसांनी मी जेवायला गेलो तर ताटात उकडलेला दुधी, मूग आणि कोरडी भाकरी. आपल्याकडे सुतकात फोडणी देत नाहीत, हे वाचकांना ठाऊक असेलच. माधव गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बस रे. कोण गेलंय ते अजून कळलं नाही, पण आम्ही सुतक पाळतोय."

"तुम्ही जाऊ नये म्हणून पाळतोय," वहिनी आतून म्हणाल्या.

"तक्रार नाही गं. फक्त तेरावा कधी ते सांग."

अक्काचं शास्त्र याच्या बरोबर उलट. घरी विरजलेल्या सायीचं लोणी, त्याचं कढवलेलं तूप, आमटीत, उसळीत ओलं खोबरं. "आमचे आजोबा वाटीभर तूप प्यायचे. नव्वदी पाहिली त्यांनी."

"अक्का, आजोबा रोज डोंगर चढून शेतावर जायचे. माधव पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो," मी म्हणालो.

"तूप खात नाही म्हणून लिफ्ट लागते त्याला."

मी दोन्ही बाजूंचं बरंच वाचलं. दोन्हीकडच्या लेखकांना कसलीच शंका नव्हती, त्यामुळे माझ्या वाढल्या. आमचे फॅमिली डॉक्टर मात्र दर वेळी तेच सांगायचे: तेल-तूप मोजकं, भाज्या-कडधान्यं भरपूर, रोज चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. इतक्या साध्या बोलण्याला शाल-नारळ कोण देणार... दोघींनीही ते कधी मनावर घेतलं नाही. माधवने घेतलं, निदान गोळ्यांपुरतं. सकाळी तोंड धुतलं की पहिली गोळी.

बाकी आठवडा तो वहिनींचं मुकाट्याने जेवायचा आणि शनिवारी अक्काकडे बोरिवलीला जायचा. तिथे वाफाळता वरणभात, त्यात मध्ये खड्डा करून ओतलेलं तूप, वालाची उसळ. संध्याकाळी घरी आला की भूक नाही म्हणायचा, तुपाचं मात्र सांगायचा नाही. अक्काला वाटायचं आपण त्याला भाजीपाल्यापासून वाचवतोय. वहिनींना वाटायचं आपण त्याला बहिणीपासून वाचवतोय. दोघी एकत्र आल्या की याच विषयावर भांडायच्या, मोठ्याने, मनापासून, आणि भांडण संपल्यावर एकमेकींना गाडीपर्यंत सोडायला जायच्या. मधल्या काळात माधव साठ ओलांडून सत्तरीत शिरला, नाटकांना गेला, माझ्याशी बुद्धिबळात हरला आणि हरल्याचं कधी मान्य केलं नाही.

तो गेल्यावर अक्का मुलुंडला वहिनींकडे राहायला आली आणि घर एकदम गप्प झालं. दोघी इतक्या नीट वागत होत्या की मला धास्ती वाटायला लागली. "तुम्ही बसा अक्का, मी करते." "नको गं सुनंदा, तूच बस." या दोन बायकांमध्ये असलं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. एका सकाळी मला चहा देताना वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. इतकी वर्षं कोरडं खायला घालून मीच त्यांचं हृदय थकवलं का? अक्का सांगत होत्या तेव्हाच..." मी काही बोलेपर्यंत त्या उठून गेल्या. त्याच दिवशी अक्काने मला गॅलरीत बोलावलं. "सुधाकर, वडील गेले, दादा गेला, हे बघूनही मी त्याला तूप वाढत राहिले. ते माझंच साचलं असेल ना रे? सुनंदाला कळलं तर हे घर मला बंद होईल." उरलेला भाऊही गेला होता, आता त्याच्यापाशी नेणारं घरही जाणार अशी तिला भीती होती. न्युमोनिया ठाऊक असूनही शेवटी घात फुप्फुसांनी केला की हृदयाने, हे मलाही नक्की माहीत नव्हतं.

फॅमिली डॉक्टर बाहेरगावी होते. परतल्यावर ते भेटायला आले. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, कोणीच विचारेना, म्हणून मीच विचारलं.

"न्युमोनिया," डॉक्टर म्हणाले. "दाखल केलं तेव्हा इको काढला होता, मी पाहिला. वयाच्या मानाने हृदय छान चाललं होतं. फुप्फुसं थकली."

"पण हार्ट बंद पडलं म्हणाले ना तिथले डॉक्टर?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, शेवटी ते सगळ्यांचंच बंद पडतं. त्यालाच आपण माणूस गेला म्हणतो."

अक्का चाचरत म्हणाली, "म्हणजे खाण्यापिण्याचं काही..."

"तुम्ही दोघींनी काही केलेलं नाही."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. अक्काने त्यांचा हात धरला. मलाही बातमी आल्यापासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. वडिलांना आणि भावाला ज्याने नेलं, त्याला माधव चुकवून गेला होता. जन्मभर ज्या दाराकडे सगळे डोळे लावून बसले होते, ते सोडून तो दुसऱ्याच दाराने निघून गेला. हे सांत्वन म्हणून फारसं काही नाही, पण आम्हाला पुरलं.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. माधवच्या नावाचं पान वाढलं. त्यात वहिनींचा उकडलेला दुधीही होता. गुरुजी म्हणाले, "अन्नशुद्धीला तूप वाढा." होमाचं तूप होमातच संपलं होतं आणि त्या घरात वाढायचं तूप कित्येक वर्षांत आलं नव्हतं. अक्का मान खाली घालून बसली होती.

"अक्का, तुमच्या पिशवीत असेल ना," वहिनी म्हणाल्या. "काढा."

"तुला कसं ठाऊक?"

"दर शनिवारी शर्टाला वास यायचा. धुते मीच ना."

"आणि बोलली नाहीस कधी?"

"आठवड्यातून एक दिवस हसत घरी यायचे. काय बोलणार..."

अक्काने बरणी काढली आणि भातावर सढळ हाताने ओतायला सुरुवात केली. "पुरे, पुरे," वहिनी म्हणाल्या. "आता तरी ओतू दे गं," अक्का म्हणाली. "आता तरी म्हणजे? डॉक्टर काय म्हणाले, हृदय छान होतं. सहा दिवस माझ्या हातचं खाल्लं म्हणून." "सातवा दिवस माझा होता, म्हणून." गुरुजींचा हात ताम्हणापाशी थबकला. मी भिंतीला टेकून बसलो आणि इतक्या दिवसांनी कानांना बरं वाटलं.

आमची पंगत बसल्यावरही ते मिटलं नव्हतं. गोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. शेवटी वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही एवढं वाचता. तुम्हीच सांगा, कोणामुळे टिकलं ते?" अक्काही हात थांबवून पाहायला लागली. हा प्रश्न दोघी माधवला विचारायच्या तेव्हा तो काय करायचा ते मला आठवलं. ताट पुढे सरकवायचा आणि म्हणायचा...

"थोडा भात वाढा," मी म्हणालो.

दोघींनी वाढला.