मी सांगितलेला फ्रान्स

मी चौथी नापास. मुंबईच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही, तरी पोलादपूरच्या लोकांना सहा वर्षं फ्रान्स मी सांगितला. त्यातलं खरं किती, हे कुणी विचारलं नाही. फक्त माझ्या लेकीनं विचारलं. तिला त्या देशात जायचं होतं आणि मी तिला जाऊ दिलं नाही. कसं जाऊ दिलं नाही, ते लिहितो. माफी मिळावी म्हणून लिहीत नाही. माफी मागायला तोंड उघडावं लागतं, आणि ते मला आजवर जमलेलं नाही.

नव्वदनंतरचे दिवस. बाजारात एक लांबट खोली घेऊन मी व्हिडिओ सेंटर चालवायचो. खिडक्यांना गोणपाट, बसायला फळ्या, रोज दुपारी एकला खेळ. हाणामारीचे हिंदी पिक्चर महाडला कुणीही दाखवायचं, त्यामुळं माझ्याकडं माणूस यायचं कारण नव्हतं. ते कारण माझ्या एका दोस्तानं आणलं.

दोस्त महाडचा, मुसलमान. गल्फला एका फ्रेंच साहेबाची गाडी चालवायचा. साहेब मायदेशी परत गेला तेव्हा अडगळीतला एक खोका याला देऊन गेला. दोस्तही पुढं परत आला, ट्रक घेतला, कशेडी घाटातून गोव्याकडं माल नेऊ लागला. एके दिवशी त्यानं तो खोका माझ्या दारात आणून आदळला.

"घे मास्तर. भुताच्या कॅसेटी हायत. बायको घरात ठेवू देत नाय."

मास्तर म्हणायचा तो टिंगलीनं. मला ते आवडायचं.

खोक्यात वीसेक कॅसेटी. लावून बघितल्या तर आमच्या कलर टीव्हीवर रंग उमटेना. मेकॅनिक म्हणाला, तिकडची पद्धत वेगळी असते. मला काही पटलं नाही. मी मनाशी धरलं की त्या मुलखात ऊनच कमी. भाषेचं तर विचारूच नका. एक अक्षर कळत नव्हतं, ना मला ना बघणाऱ्यांना. मग मीच टीव्हीच्या बाजूला छडी घेऊन उभा राहायला लागलो आणि सांगायला लागलो.

"ही बाई हितं नवी कामाला आलीय. मालक चांगला दिसतो, पण बघा, जेवताना तो समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतोय. तिथं कोण हाय? त्याची पयली बायको. मरून सात वरसं झाली."

कुठनं सात आणि कुठनं पहिली बायको! पण लोक श्वास रोखून बसायचे. माझ्या कापडे गावचे, पार डोंगरातल्या वाड्यांतले लोक बाजाराला आले की आधी माझ्याकडं यायचे. सगळे म्हणायचे, पिक्चर राहू दे, ह्याचं सांगणं ऐका.

बघून बघून मला त्या देशातलं घर पाठ झालं. रस्त्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना सरळ रेघेत झाडं. अंगणात बारीक खडी, म्हणजे कुणीही आलं तरी पाय वाजणार. खिडक्यांना लाकडी झडपा, त्या आतून बंद. लांबलचक टेबल, त्याच्या दोन टोकांना दोन माणसं, मध्ये कुणी नाही. आणि जिन्याखाली दार, दारातून तळघर, तिथं दारूची पिंपं. जो खाली गेला त्याचं काही खरं नसायचं. एका पिक्चरात तर अख्ख्या शहराच्या खाली बोगदे आणि बोगद्यांत माणसांची हाडं, लाकडं रचावीत तशी रचलेली. वर लोक खुशाल चहा पीत बसलेले.

मला एक गोष्ट कळली, तिचा मला अजून अभिमान आहे. आमची भुतं घराबाहेर असतात. घाटाच्या वळणावर, ओढ्याकाठी, गावाच्या शिवेवर. घरात शिरलास की सुटलास. उंबऱ्याच्या आत देव असतो. त्यांचं उलटं. त्यांच्याकडं बाहेर काही नाही, जे आहे ते घरात. त्यांचं भूत चांगले कपडे घालतं, टेबलावर जेवतं, त्याच्या नावावर घर असतं. आपण पाहुणे. हे मी खेळाच्या आधी लोकांना सांगायचो आणि म्हातारी माणसं माना डोलवायची.

एकदा दोस्त मागं उभा राहून अख्खा खेळ बघत होता. साहेबाच्या संगतीनं त्याला ती भाषा थोडी समजायची. लोक गेल्यावर हसत जवळ आला.

"मास्तर, ही भुताची नाय रे. बाई विधवा हाय, तिला घर इकायचंय, भाऊ इकू देत नाय. बस्स, एवढाच पिक्चर."

"मग ती रातची जिन्यावर कशाला फिरते?"

"झोप येत नसंल तिला! तुझ्या बायकोला येती काय तुझ्या घोरण्यात?"

"तू गाडी चालव," मी म्हणालो. "मला नको शिकवू."

दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट लावली आणि तीच बाई मेलेली म्हणून सांगितली. चार बायका रडल्या.

लेक तेव्हा नववी-दहावीत. शाळा सुटली की सेंटरवर येऊन माझ्यामागं स्टुलावर बसायची. एकदा म्हणाली, "बाबा, ती बाई मेलेली हाय हे तुमाला कसं कळलं?"

"चालण्यावरनं."

"ती तर माझ्यासारखीच चालते."

मी तिला गप्प केलं. तिला वाटलं असेल, बापाला ठाऊक असणार. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. तीच गोष्ट शंभर वेळा सांगितली की आपण रचली होती हे आठवत नाही.

मग केबल आली आणि गोणपाटं काढायची वेळ आली. मी कापड्याला घरी जाऊन भातशेती बघू लागलो. लेक बारावी झाली, मुंबईला नर्सिंगला गेली. ही तिची स्वतःची हिंमत, माझं त्यात काही नाही. कोर्स संपवून तिथल्याच एका मोठ्या दवाखान्यात लागली.

दोन वर्षांनी शिमग्याला घरी आली तेव्हा पायरीवर चप्पल काढायच्या आधी तिनं सांगायला सुरुवात केली. तिच्या वॉर्डात एक परदेशी म्हातारी होती, मोडलेल्या मांडीची. तिचा मुलगा तिला मायदेशी नेणार होता आणि म्हातारी माझ्या लेकीला सोडायला तयार नव्हती. दोन वर्षं सोबत यायचं, म्हातारीचं करायचं, तिथली भाषा शिकायची. पुढं तिकडच्या दवाखान्यात नोकरी मिळू शकते, असं मुलगा म्हणाला होता.

"कुठल्या देशात गो?" बायकोनं विचारलं.

"फ्रान्स."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "घर कसं हाय?"

तिला वाटलं बापाला कौतुक वाटतंय. हात पसरून सांगू लागली. गावाबाहेर आहे, दगडी, दोनशे वर्षांचं. गेटपासून घरापर्यंत झाडांची रांग आहे. म्हातारी एकटीच राहते, मुलगा शहरात असतो. खाली तळघर आहे, त्यात ते द्राक्षाची दारू ठेवतात.

एकेक वस्तू मला माहीत होती. हिनं न बघता सांगितली आणि मी बघितलेली होती.

"नाय जायचं," मी म्हणालो.

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"बाबा, कारण सांगा ना."

काय सांगणार? नर्स झालेल्या पोरीला बापानं भूत सांगायचं? पण मी सांगितलं. सगळं सांगितलं. घरातल्या घरात असणारं भूत, रिकामी खुर्ची, कामाला येणारी नवी पोरगी जी पिक्चर संपेपर्यंत वाचत नाही. ती ऐकत राहिली. आधी हसली. मग माझ्याकडं बघून तिचं हसू गेलं.

"तुम्हाला ती भाषा येत होती का हो बाबा? तुम्ही रचून सांगत होता. मी मागंच बसलेली असायची."

"मी रचून सांगत होतो?" माझा आवाज चढला. "सहा वरसं माणसं काय येडी म्हणून येत होती?"

बायको मध्ये पडली. "अवो, जाऊ द्या तिला. बाय कायतरी करून दाखवील."

"तू चुलीकडं बघ."

लेक दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं परत गेली. जाताना म्हणाली, पासपोर्टचा अर्ज केलाय, पत्ता घरचा दिलाय, कुणी चौकशीला आलं तर सांगा. हे माझ्याकडं बघून नव्हे, आईकडं बघून म्हणाली.

महिन्याभरानं पोलादपूरच्या ठाण्यातला पोलीस आला. बायको शेतावर होती. त्याला मी चहा दिला. त्यानं कागद काढला, लेकीचं नाव वाचलं आणि विचारलं, "ही इथंच राहते ना?"

त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं ती खडी होती, तिच्यावर वाजणारी माझ्या पोरीची पावलं होती आणि जिन्याखालचं दार. मी खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. तिला मी वाचवत होतो.

"नाय," मी म्हणालो. "हितं ऱ्हात नाय ती. कुठं ऱ्हाते, कुणासंगं ऱ्हाते, मला म्हायत नाय."

पोलिसानं मान वर केली. "काका, असं लिहिलं तर पासपोर्ट अडकेल पोरीचा."

"तुमी लिवा."

त्यानं लिहिलं. सही मागितली. अंगठा देणाऱ्यातला मी नव्हे. मी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं.

पासपोर्ट अडकला. म्हातारीच्या मुलाला थांबणं शक्य नव्हतं. लेकीच्या खोलीवरची दुसरी नर्स गेली, तिच्याजवळ पासपोर्ट तयार होता. लेकीनं हेलपाटे घालून शेवटी तो अहवाल बघितला. त्याच आठवड्यात घरी आली. आत आली नाही, अंगणात उभी राहिली.

"सही तुमचीच हाय ना?"

"माझीच."

"कुणासंगं राहते म्हाईत नाय, असं सांगितलंत?"

तेव्हा मला त्या वाक्याचा दुसरा अर्थ कळला. एकट्या मुंबईत राहणाऱ्या पोरीविषयी बापानं पोलिसाला काय सांगितलं, ते सरकारी कागदावर गेलं होतं. मी ते तसं म्हणालो नव्हतो. पण नव्हतो म्हणालो, असं तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "तुझ्या भल्यासाठी केलं."

बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती. लेक तिच्या पाया पडली आणि गेली.

तरी दोरी पूर्ण तुटली नव्हती, हे मला खरं तर इथंच लिहायला हवं. गणपतीला ती यायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मुंबई सोडून महाडच्या सरकारी दवाखान्यात लागली, आईला जवळ पडावं म्हणून. तिसऱ्या वर्षी गणपतीला आली तेव्हा पिशवीतून एक फोटो काढला आणि माझ्यापुढं धरला. तिच्या जागी गेलेल्या नर्सनं पाठवलेला.

म्हातारी खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. शेजारी ती नर्स, स्वेटर घातलेली, गाल वर आलेले, हसत होती. मागं दोरीवर चादरी वाळत होत्या. एक कोंबडी. घराचं दार सताड उघडं.

तिनं मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मी उत्तर दिलं असतं. ती नुसती थांबली होती. आज मला कळतं, ती एका शब्दासाठी थांबली होती. चुकलं, एवढं म्हणालो असतो तरी पोरीनं घेतलं असतं.

मी फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणालो, "आत काय हाय ते फोटूत दिसत नाय."

तिनं फोटो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. आरती होईपर्यंत थांबली, आईनं दिलेले मोदक बांधून घेतले. त्यानंतर ती घरी आली नाही. लग्न महाडला केलं, ते मला बायकोकडून कळलं. बायको जाऊन यायची, परत आली की दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही.

दोस्त सांगायचा, "मास्तर, जा ना एकदा. पोरगी हाय तुझी. मी नेतो ट्रकात बसवून." मी म्हणायचो, तिला गरज असेल तर येईल.

मागच्या वर्षी बायको गेली. क्रियेला लेक आली, बायकांत बसली, तेराव्याला निघून गेली. घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. मग एका सोमवारी मी एसटीनं महाडला गेलो. कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात केसपेपर काढला आणि रांगेत उभा राहिलो. रांगेच्या टोकाला ती टेबलामागं बसून प्रत्येकाचं ब्लडप्रेशर बघत होती. केस कानाजवळ पांढरे झालेत. दीड तास उभा होतो आणि दीड तास एकच वाक्य मनात घोळवत होतो. त्यात फ्रान्स नव्हता, भूत नव्हतं. मी रचून सांगत होतो, एवढंच होतं.

माझी पाळी आली. तिनं बघितलं, ओळखलं. माझा हात पुढं घेऊन दंडाला पट्टा गुंडाळला. तिची बोटं गार होती. हवा भरली, सोडली, आकडा कागदावर लिहिला.

"मीठ कमी खा," ती म्हणाली. "गोळ्या समोरच्या खिडकीत मिळतील."

मी बसून राहिलो. तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ उघडलं होतं. मागच्या माणसानं खांद्याला हात लावला, "आजोबा, चला." तिनं पट्टा सोडवला, माझी बाही नीट खाली ओढून दिली आणि माझ्या डोक्यावरून मागं बघत हाक मारली, "पुढचे."