यांच्या बदली बोलणारा फोन

आमच्या घरात मोबाइल फोन लांबच्या माणसाशी बोलायला आला नाही. एकाच खोलीत बसलेल्या दोन माणसांसाठी आला. मला दिसत नाही आणि यांना बोलता येत नाही. हे असं सरळ सांगून टाकलं की लोक "अरेरे" म्हणतात, आणि त्या "अरेरे"चा मला मनापासून कंटाळा आहे. म्हणून आधीच सांगते, आमचं भांडण त्यावाचून कधी अडलं नाही.

माझी दृष्टी नव्वदच्या दशकात हळूहळू गेली. आधी संध्याकाळच्या वेळी धारवाडला मळमड्डीतल्या आमच्या गल्लीतल्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग फळ्यावर मीच लिहिलेलं दिसेना. कॉलेजात इतिहास शिकवायची. शेवटची काही वर्षं नोट्स पाठ करून शिकवला आणि मग राजीनामा दिला. तेव्हापासून माझं वाचन यांच्याकडे आलं. ट्रेझरी ऑफिसातून आले की चहा घेत पेपर वाचून दाखवायचे, आलेली पत्रं वाचायचे, औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा वाचायचे. एरवी माणूस अगदी अबोल. दुसऱ्याचं लिहिलेलं तासभर वाचतील, पण स्वतःचं एक वाक्य मागितलं तर "बरं" म्हणून मोकळे.

निवृत्तीनंतर यांच्या घशात गाठ निघाली. हुबळीच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं. जीव वाचला, आवाज गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही काही विशेष बोललो नाही. मी डबा खाल्लात का विचारलं, ते "बरं" म्हणाले असतील. घरी टेपरेकॉर्डर होता, पण घरातल्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतो? त्यात सगळी भजनं होती.

पुढचे काही महिने फार वाईट गेले. हे माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायचे. काना, मात्रा, वेलांटी, सगळं शिस्तीत, सरकारी कागदावर काढावं तसं. वाक्य पुरं होईपर्यंत मी पहिला शब्द विसरलेली असायची. राग आला की मी हात ओढून घ्यायची. म्हणजे त्यांना गप्पच बसायला लागायचं. टेबलावर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, एवढं तेवढं ठरलेलं होतं.

आमची मुलगी बंगळूरला नोकरी करते. एका सुट्टीत तिनं माझ्यासाठी बटणांचा एक फोन आणला. त्यात सिंबियन नावाची सिस्टिम होती, आणि त्यावर वेगळं विकत घेऊन चढवलेलं एक सॉफ्टवेअर. पडद्यावर जे येईल ते मोठ्यानं वाचणारं. यांना तिनं साधा फोन दिला. यांनी समोरच्या खुर्चीत बसून मेसेज पाठवायचा आणि माझ्या फोननं तो वाचून दाखवायचा, अशी व्यवस्था.

तो आवाज पुरुषाचा होता आणि त्याला इंग्रजी सोडून काही येत नव्हतं. म्हणून हे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि तो गोरा साहेब ते त्याच्या पद्धतीनं वाचायचा. "जेवलीस का" हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हे पण हसत होते, खुर्ची करकरत होती त्यावरून कळलं. मग कान सरावले. हेही काय कमी नव्हते, कुठला शब्द कसा लिहिला की साहेब नीट बोलतो ते पंधरवड्यात शिकले.

आणि मग एक अजबच झालं. माझा नवरा बोलायला लागला. तीस वर्षांच्या संसारात जे तोंडातून निघालं नाही ते अंगठ्यातून निघायला लागलं. केलगेरीच्या तळ्याकडे फिरायला गेलो की बाकावर माझ्या शेजारी बसून मला तळं लिहून पाठवायचे. "पाणी खाली गेलंय. चार म्हशी. एक पांढरा पक्षी, नाव माहीत नाही. तू पदर डोक्यावरून घे, ऊन लागतंय." एकदा स्वयंपाकघरात मी कुकरवर चिडचिड करत असताना मागून साहेब बोलला, "तू रागावलीस की घरात माणसं असल्यासारखं वाटतं." मी कुकर तसाच ठेवून बसले. असलं काही या माणसाच्या पोटात होतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

सणासुदीला तेवढी पंचाईत व्हायची. त्या दिवशी कंपनी मेसेजचा पॅक चालू देत नसे, प्रत्येक मेसेजचे वेगळे पैसे लागायचे. ट्रेझरीतला माणूस तो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या घरात सुतकासारखी शांतता.

तीनेक वर्षं अशी गेली. तो आवाज मला आवडायला लागला, हे मी लपवत नाही. फोन उशाशी घेऊन झोपायची. दुपारी यांचे जुने मेसेज पुन्हा ऐकत बसायची, आणि हसू आलं तर हसायची.

मग फोन दमला. आधी मधलं बटण बसलं, मग तो वाक्याच्या मध्येच बंद पडायला लागला. सुभाष रोडच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार उघडून बघून म्हणाला, "अक्का, ह्याचं बोर्ड गेलंय की. असलाच दुसरा देतो तुम्हाला, त्यात काय. पण ते तुमचं बोलणारं सॉफ्टवेअर ह्याच फोनला बांधलेलं असतंय. ते मात्र नव्यानं घ्यावं लागंल बघा."

मी म्हटलं घेऊ. हे शेजारी गप्प. बोलता येत नाही म्हणून गप्प आणि बोलायचं नाही म्हणून गप्प यातला फरक मला त्यांच्या श्वासावरून कळतो. हे दुसऱ्या जातीचं गप्प होतं.

दिवाळीला मुलगी आली ती काचेचा फोन घेऊन. कुणाकडून तरी परदेशातून मागवलेला. त्याची सिस्टिम अगदीच वेगळी. तिनं मला नीट समजावून सांगितलं. "आई, त्या बटणांच्या सिस्टिमचे दिवस भरत आलेत बघ. ते वाचणारं सॉफ्टवेअर तरी पुढं किती दिवस करतील कुणाला ठाऊक. ह्यात आवाज आतच असतोय, वेगळा काही घालायला नको. आज बदललीस तर बरं, नाहीतर उद्या बदलावंच लागणार."

मी हात लावून बघितला. नुसती काच. बटण नाही, खाच नाही, उंचवटा नाही. देवघरातल्या तसबिरीवरून हात फिरवावा तसं वाटलं. बोट जिथं टेकेल तिथं काहीतरी बोलायचं, जरा सरकलं की भलतंच. आणि बोलणारी बाई होती. यांनी मेसेज पाठवला, आणि यांचं वाक्य एका अनोळखी तरुण बाईनं माझ्या घरात उभं राहून म्हणून दाखवलं.

"हे नको," मी म्हटलं. "मला माझा जुनाच आण. तीच सिस्टिम, तोच आवाज."

मुलगी म्हणाली, "अगं, ह्यात पुरुषाचा आवाज पण मिळतोय. सेटिंगमध्ये बदलून देऊ काय?"

टेबलावर दोनदा टकटक झाली.

"अण्णा, का हो? आईला बरं वाटेल की."

पुन्हा दोनदा, जरा जोरात. मग यांनी तो काचेचा फोन माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. म्हणजे निकाल लागला. फोन माझा, कान माझे, धडपडायची ती बोटं माझी, आणि निवड यांची? मी आकाशपाताळ एक केलं. एवढ्या वर्षांत कधी साडीचा रंगसुद्धा न निवडलेल्या माणसानं नेमका इथं हट्ट धरावा? कारण विचारलं तर बाईनं सांगितलं, "सवय होईल."

मुलगी परत गेली आणि मी असहकार पुकारला. फोन वाजला की बाईला बोलू द्यायची आणि उत्तराला नुसतं "हं" म्हणायची. यांनी पण सोडलं नाही. सकाळी माझं बोट धरून काचेवर फिरवायचे, असं सरकव, असं दोनदा टेक, रोज न कंटाळता. शिकले मी. बोटं शिकतात, त्यांना मानापमान नसतो. पण मन काही वळेना.

एका सकाळी पोहे खाताना बाई म्हणाली, "मीठ कमी आहे." मी भडकले. म्हटलं, "असू दे. तुम्ही बोलताय असं वाटतच नाही मला. तुमचा आवाजच राहिला नाही या घरात."

बशी खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ नुसता बटणांचा आवाज. मेसेज तुकड्या-तुकड्यांनी आला. बाई एकेक वाचत गेली, सगळं सारख्याच गोड सुरात.

"माझा आवाज ऑपरेशनच्या दिवशी गेला."

"फोनमध्ये होता तो दुसरा माणूस होता. तू त्याच्याकडे तोंड करून हसायचीस. मी इकडे बसलेलो असायचो."

"मी लिहायचो आणि आवडायचा तो."

"ही बाई आहे. हिचा आवाज तू माझा समजणार नाहीस. म्हणून ही निवडली. आता तू माझा आठव."

हे उठून अंगणात गेले.

मी आठवायला बसले. वाटलं, त्यात काय, नवऱ्याचा आवाज आठवायला वेळ कशाला लागतो? लग्नानंतर पहिल्यांदा धारवाडला आणलं तेव्हा स्टेशनवर काय बोलले होते ते आठवलं, शब्दन् शब्द. पण बोलत होता तो साहेब. मुलीच्या बारशाला नाव विचारायला खोलीत आले होते, तिथंही साहेब. संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचे, त्या सगळ्या वर्षांच्या सगळ्या बातम्या त्या फोननं वाचल्या होत्या. मी मागे मागे जात राहिले आणि जिथं जाईन तिथं तो आधीच येऊन बसलेला. डोळे गेले तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. डोळे जाताना निदान मला कळत तरी होतं. हा आवाज माझ्या कानांसमोर पुसला गेला होता आणि मी त्या वेळी खुशीत होते.

हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर बाईचा मेसेज आला की मी पुरं उत्तर द्यायला लागले. वाटायचं, कान रिकामा ठेवला तर येईल. महिना गेला, संक्रांत झाली, काही आलं नाही.

मग एकदा काचेला कव्हर घ्यायला आम्ही सुभाष रोडला गेलो होतो. परतताना रिक्षा केली. मीटर नाही, नेहमीचंच. अर्ध्या वाटेत रिक्षावाला म्हणाला की मळमड्डीला परत भाडं मिळत नाही, जास्त द्या. माझं डोकं फिरलं. मी कानडीतून त्याला धुवायला सुरुवात केली. बसताना का बोलला नाहीस, आम्हाला काय परगावचं समजलास, याच गावात जन्म गेला माझा. तोही काही ऐकून घेईना. मी आणखी आवाज चढवणार एवढ्यात डाव्या बाजूनं ऐकू आलं, "होगली बिडु."

जाऊ दे, सोड. एवढंच.

मी गप्पकन थांबले. यांची ती जुनी खोड होती. चारचौघांत मी भांडायला लागले की मला आवरायचं ते कानडीतून, समोरच्यालाही कळावं म्हणून. भाजीवाली असो, शेजारी असो, कॉलेजचा शिपाई असो, "होगली बिडु." आणि त्या साहेबाला यांनी कानडी कधी लिहून दिलंच नव्हतं. या दोन शब्दांपर्यंत तो पोचलाच नव्हता. ते जसेच्या तसे पडून होते, जाडसर, थोडे नाकातून आलेले, "बिडु"वर खाली उतरणारे. माझ्या माणसाचे.

मला रडू आलं. रिक्षावाला घाबरून म्हणाला, "अम्मा, राहू द्या, ठरल्याएवढंच द्या." मी यांचा हात शोधला, धरला आणि सांगितलं, "ऐकलं मी आत्ता. तुम्ही होगली बिडु म्हणालात. तुमच्या आवाजात."

हात तसाच राहिला. मग त्यांनी तो सोडवून घेतला, आणि बटणं वाजली. माझ्या पर्समधून बाई बोलली.

"कसा होता?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं त्यांनीही तो ऐकला नव्हता.

मी त्यांना सांगायला लागले. जाडसर होता म्हटलं, नाकातून यायचा थोडा, वाक्य संपताना दमल्यासारखा उतरायचा. रिक्षावाला आरशातून बघत असेल, बघू दे. मी थांबले की पर्समधून एकच शब्द यायचा.

"आणखी," बाई म्हणायची. मी आणखी सांगायची.